रायबंदर-चोडण फेरीबोटीवरच्या मुलास

बाळा,

तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं चारचौघांत.

आठवतंय ना, स्कूटरला टेकून मी मोबाइलशी भांडत होते? धालोच्या, म्हणजे आपल्या गोव्यातल्या बायकांच्या लोकनाचाच्या, गाण्यांची रेकॉर्डिंगं मयेच्या घरातल्या कंप्युटरवर आपोआप जावीत म्हणून भाच्याने सिंकथिंग घालून दिलेलं. ॲप उघडलं की जागं, मोबाइल पर्समध्ये टाकला की झोपलं!

तू पहिलंच विचारलंस, "टीचर, रात्री सगळी ॲपं सरकवून बंद करता?" करते की, दिवे मालवावेत तशी. (मी टीचर हे तुला कसं कळलं, देव जाणे.) वर सारखी दिसणारी त्याची सूचनाही मी वैतागून घालवली होती. मागे चालणाऱ्या ॲपने आपण जागे आहोत हे असं दाखवायचं, हा अँड्रॉइडचाच नियम, हे तुझ्याकडून कळलं. शिवाय 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून, चार्जरविना स्क्रीन बंद करून पडलेला मोबाइल ॲपचं नेटच तोडतो म्हणे. तू बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' केलंस.

तोवर चोडणचा धक्का आला. मागचे हॉर्न मारत होते, तरी तू बाजूला थांबून माझ्या औषधांच्या बिलामागे दोन ओळी लिहून दिल्यास. एक, कंप्युटर झोपू देऊ नका. मधे फायली साठवणारं कोणी नाही, दोन्हीकडे एकाच वेळी जाग हवी. दुसरी, मोबाइलवर पुसलं की तिकडेही पुसलं जातं, म्हणून कंप्युटरवर 'फाइल व्हर्जनिंग' (पुसलेल्याची जुनी प्रत बाजूला ठेवणारी सोय) चालू करा.

ही दुसरी मला उगीच वाटली. लिहून दिलंयस म्हणून केली, एवढंच.

गेल्या आठवड्यात मोबाइल भरला म्हणून मी जुनं पुसत सुटले. त्यात साखळीच्या एका आजींची तीन गाणी गेली, आणि पाठोपाठ कंप्युटरवरूनही. हातपाय गळाले. आजींचा आवाज आता बसलाय, पुन्हा गायला सांगणार कसं? मग ते बिल शोधलं. '.एसटीव्हर्जन्स' नावाच्या लपलेल्या फोल्डरात तिन्ही गाणी होती. मधे आजी खोकतात, तेसुद्धा जसंच्या तसं.

फार उपकार झाले रे. तू हेल्मेट काढलंच नव्हतंस, तेव्हा मी काही तुला ओळखणार नाही. बोटीवर दिसले तर तूच हाक मार.

तुझी,
टीचर