हात लावलेला कळतो, म्हणून मज्जारज्जू शाबूत असतोच असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंबे उतरवण्याचे दिवस सुरू झाले की झाडावरून पडून जखमी झालेल्यांच्या बातम्या आपल्या जिल्हा पानावर येऊ लागतात. पडलेल्या माणसाच्या पायाला हात लावून पाहिला, त्याला तो कळला, म्हणून मणक्याला काही झालेले नाही असे समजून त्याला घरी नेले, अशा आशयाचा मजकूर त्यांतल्या काही बातम्यांत असतो. बातमीदाराने गावकऱ्यांचे म्हणणे जसेच्या तसे दिलेले असते, त्यामुळे दोष त्याचा नाही. तथापि गुहागर तालुक्यात तीस वर्षे दवाखाना चालवल्यावर मी खात्रीने सांगू शकतो की पडलेल्या माणसाबाबत याहून फसवी कसोटी दुसरी नाही. ती फसवी का आहे, हे नीट समजावे म्हणून हा पत्रप्रपंच.

बहुतेकांच्या मनात पाठीच्या कण्यातली 'नस' म्हणजे विजेची एक तार असते. तुटली तर सगळे बंद, नाही तर सगळे चालू. प्रत्यक्षात मज्जारज्जू हा जेमतेम करंगळीएवढ्या जाडीचा आणि प्रौढ माणसात सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा असतो, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तो संपतो, आणि एवढ्याशा जागेतून वेगवेगळ्या संवेदना वेगवेगळ्या वाटांनी वर जातात. पायाचा अंगठा कुठल्या दिशेला वळला आहे, घंटेवर हात ठेवला तर ती थरथरते आहे का, बोटाखाली सुती कापड आहे की रेशमी, ही माहिती नेणारे तंतू मज्जारज्जूच्या पाठीकडच्या भागातून, ज्या बाजूने शिरले त्याच बाजूने, थेट मेंदूच्या देठापर्यंत म्हणजे लंबमज्जेपर्यंत चढतात. बाजू बदलली जाते ती तिथे. दुखणे, टोचणे, गरम आणि थंड यांची गोष्ट निराळी. हे निरोप मज्जारज्जूत शिरताच दुसऱ्या पेशीच्या हाती सोपवले जातात आणि तिचा तंतू एक-दोन पातळ्यांच्या आतच पलीकडच्या बाजूला जाऊन पुढच्या कडेने वर चढतो. पुढे दोन्ही वाटा मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या केंद्रात पोचतात आणि तिथून, शरीराच्या ज्या बाजूने निरोप आला तिच्या विरुद्ध बाजूच्या मेंदूच्या पृष्ठभागावर, जिथे आपल्याला 'कळते', तिथे जातात.

आमच्याकडच्या माणसाला हे खाडीवरून लगेच ध्यानात येते. गुहागरहून दापोलीला निघालेला एक जण धोपाव्याला फेरीबोट धरून लगेच पलीकडे दाभोळला उतरतो. दुसरा याच काठाने चिपळूणपर्यंत जाऊन तिथे नदी ओलांडतो. पोचतात दोघेही, पण मधेच याच काठावर दरड कोसळली तर अडकतो तो दुसराच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. स्पर्शाला या दोन्ही वाटा मिळालेल्या आहेत. बारीक, नेमका स्पर्श मागच्या वाटेने जातो, तर 'काहीतरी लागले' एवढाच ढोबळ स्पर्श वेदनेच्या सोबतीने पुढच्या वाटेने जातो. एक वाट पूर्ण बंद पडली तरी दुसरीवरून स्पर्शाचा निरोप पोचतो. म्हणजे सगळ्या संवेदनांत सर्वांत शेवटी हरवणारी जी गोष्ट, तिच्याच भरवशावर आपण माणसाला उठवून बसवतो!

काही वर्षांपूर्वी एका पाडेल्याला, म्हणजे नारळ उतरवणाऱ्याला, माझ्याकडे आणले होते. माडावरून गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पडलेला, आणि आणला होता दुचाकीवर, दोघांच्या मध्ये बसवून, पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, खाली. सोबतचे सांगत होते की दोन्ही पायांना हात लावलेला कळतो, फक्त उजव्या पायात जोर नाही, मुका मार असेल. मी कापसाचा बोळा फिरवला, दोन्हीकडे कळला. मग डाव्या पायाला पिन लावली. "काहीतरी टेकलं डॉक्टर, पण टोचत नाय," तो म्हणाला. माठातल्या पाण्याने भरलेला स्टीलचा पेला डाव्या पोटरीला लावला तर त्याला तो गार लागेना. उजवीकडे मात्र त्याने पाय आखडायचा प्रयत्न केला. त्याला डोळे मिटायला सांगून उजव्या पायाचा अंगठा वर-खाली केला तर तो वर आहे की खाली हे त्याला एकदाही सांगता आले नाही. डाव्या अंगावर पिन टोचू लागली ती बेंबीच्या जरा वर गेल्यावर. उजवीकडे ताकद आणि अंगठ्याची जाण गेलेली, डावीकडे वेदना आणि तापमान गेलेले, असा हा उलटसुलट हिशेब एकाच जागी जमतो : मज्जारज्जूच्या उजव्या अर्ध्या भागाला, बेंबीच्या पातळीच्या थोडे वर, इजा झाली होती. मॉरिशसमध्ये १८१७ साली जन्मलेल्या ब्राउन-सेकार्ड या वैद्याने ही खूण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मांडली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्या माणसाला फळीवर आडवे करून पुढे पाठवले. पाखाडीवरच्या त्या धक्क्यांनी किती भर घातली, हे कुणालाच सांगता येणार नाही.

याहूनही अधिक चकवणारा प्रकार म्हणजे मज्जारज्जूच्या पुढच्या भागाला झालेली इजा. मणका चेपून त्याचा तुकडा मागे सरकला की ती होऊ शकते. अशा वेळी दोन्ही पाय हलत नाहीत, टोचलेले कळत नाही, आणि तरीही पाठीकडची वाट शाबूत असल्याने हात लावलेला अगदी स्पष्ट कळतो.

मागची वाट आधी बिघडण्याचे उदाहरण तर पुष्कळांच्या घरातही असेल, फक्त त्याकडे कोणी मज्जारज्जूचा आजार म्हणून पाहत नाही. बी-१२ जीवनसत्त्व फार काळ कमी पडले की हीच वाट झिजते. अशी आजी दिवसा पडवीत व्यवस्थित चालते, पण वीज गेली की खांब धरून उभी राहते, कारण पाय कुठे आहेत हे तिला इतके दिवस डोळेच सांगत होते. तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो, ही तक्रार वयावर न ढकलता रक्ताची तपासणी करून घ्यावी.

वेगातही या तंतूंत फरक आहे. स्पर्शाचे जाड तंतू सेकंदाला ३५ ते ७५ मीटर वेगाने निरोप नेतात, तर ठणक्याचे बारीक तंतू सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. चिऱ्याला ठेच लागली की आधी आपटल्याचे कळते आणि क्षणभराने ठणका येतो, तो यामुळे.

तेव्हा झाडावरून पडलेल्या माणसाच्या पायाला हात लावून निदान करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. मी वर सांगितलेल्या पिना-पेल्याच्या चाचण्याही दवाखान्यासाठी आहेत, आगरात करून पाहण्यासाठी नव्हेत. उंचावरून पडलेल्याच्या मणक्याला इजा आहे असेच धरून चालावे, त्याला बसवू नये, पाणी पाजण्यासाठी मान उचलू नये, १०८ क्रमांकावर फोन करावा. हलवण्यावाचून गत्यंतरच नसेल तर चार-पाच जणांनी डोके, मान आणि कंबर एका रेषेत ठेवून एकदमच कुशीवर वळवावे आणि खाली फळी सरकवावी. झोळीची डोली अशा माणसासाठी उपयोगाची नाही, कारण तिच्यात पाठ वाकते. आमच्या वाड्यांतून पहिल्यांदा तीच काढली जाते म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आपण हंगामाच्या सुरुवातीला एवढा मजकूर चौकटीत छापावा, आणि बातमीदारांना पायाच्या 'संवेदने'बद्दल लिहिताना ती स्पर्शाची, वेदनेची की तापमानाची हे डॉक्टरांना विचारून घेण्यास सांगावे, ही विनंती. तो पाडेली आता काठीशिवाय चालतो. डाव्या पायाला अजून गरम कळत नाही. गेल्या एप्रिलमध्ये चप्पल निसटली तेव्हा कातळावर तळवा भाजलेला त्याला घरी आल्यावर दिसला.

आपला,
एक वैद्यकीय व्यावसायिक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी