पाणी बंदच्या दुसऱ्या दिवशी नळ का बिघडतात?

मा. संपादक,

‘गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने’ ही बातमी वाचली की आपण पिंप-बादल्या भरतो आणि निश्चिंत होतो. पण घरातल्या नळांची बरीच दुखणी शुक्रवारीच सुरू होतात आणि ती टाळता येतात, म्हणून हे पत्र.

रिकामी लाइन पुन्हा भरताना पाण्यापुढे हवा ढकलली जाते आणि पाइपात बसलेला गंज-गाळ सुटून येतो. पेठांतल्या वाड्यांत थेट जोडणी असेल तर तो सरळ नळात येतो. सोसायटीत तो आधी खालच्या टाकीत उतरतो आणि पंपाचा फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाची झडप) तळाला टेकलेला असेल तर गच्चीवर चढतो. म्हणून पाणी आल्यावर आधी जाळी नसलेला नळ सोडावा, मोरीतला सोडला तर उत्तम. पाणी निवळेपर्यंत गीझर, वॉशिंग मशीन आणि प्युरिफायरचे कॉक बंद ठेवावेत. ते गढूळ पाणी बादलीत धरले तर फरशीला उपयोगी पडते.

सर्वांत जास्त पाणी वाया जाते ते फ्लशच्या टाकीतून, कारण ते ना दिसते ना ऐकू येते. टाकीत खाण्याचा रंग अर्धा चमचा टाका आणि वीस मिनिटे फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचे रबरी सील गेले असावे किंवा टाकीतले जादा पाणी ओव्हरफ्लो नळीतून वाहत असावे. कोणते ते ठरवायला ही मधली नळी पाहा. पाणी तिच्या तोंडापासून साधारण एक इंच खाली थांबायला हवे. तोंडावरून आत वाहत असेल तर दोष सीलचा नाही, पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हचा. त्यात गाळाचा एखादा कण अडकला तरी तो पूर्ण मिटत नाही. कॉक बंद करून व्हॉल्व्हच्या तोंडाची बारीक जाळी धुतली की पुष्कळदा काम भागते. अख्खा संच बदलण्याची घाई करू नये. बोअर किंवा टँकरचे पाणी असलेल्या सोसायट्यांत सीलवर क्षारांचा थर बसतो, तिथे ही तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी करावी.

जुन्या, बरेच फेरे फिरणाऱ्या नळात वॉशर असतो. नळ गळू लागला की तो जोर लावून आवळतात; त्याने वॉशर चिरतो आणि आतली पितळी बैठकही खराब होते. मग नवा वॉशर घालूनही गळती थांबत नाही. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वॉशर नसतो, पूर्ण स्पिंडल (मुठीखालचा आतला फिरणारा भाग) बदलावा लागतो. त्याची लांबी आणि दाते कंपनीगणिक वेगळे असतात, म्हणून बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जाताना जुना स्पिंडल खिशात हवाच.

सांध्यातून पाणी झिरपू नये म्हणून नळाच्या आट्यांवर लावायचा टेफ्लॉन टेप उलटा गुंडाळणे ही नेहमीची चूक. आट्यांचे टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने, ताणून, अर्धा इंची नळाला दहा-बारा वेढे द्यावेत. उलटा गुंडाळला तर नळ बसवताना तो सुटून गोळा होतो. एकदा आवळलेला नळ सरळ दिसावा म्हणून मागे फिरवू नये, तिथूनच पाणी झिरपते. प्लास्टिकच्या आट्यांवर पान्याचा जोर तर बेताचाच लावावा. फिटिंगला गेलेली चीर भिंतीआड असते आणि ओल शेजाऱ्याच्या छताला दिसते.

बेसिन-फ्लशखालचे अँगल कॉक तीन महिन्यांतून एकदा पूर्ण बंद करून उघडावेत. वर्षानुवर्षे न फिरलेला कॉक नेमका पाइप फुटल्यावर फिरत नाही. जाळीदार कनेक्शन पाइपावर गंज किंवा फुगवटा दिसला की तो लगेच बदलावा.

न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममधून वास येत असेल तर नाहणी ट्रॅपमधले (फरशीच्या जाळीखालच्या, वास अडवणाऱ्या वाटीतले) पाणी आटलेले असते. आठवड्याला एक तांब्या पाणी ओतले की पुरे. स्वयंपाकघरातल्या सिंकला तुंबवते ते तेल-तूप. भांडी आधी कागदाने पुसावीत. तरीही तुंबलेच तर खाली बादली ठेवून सिंकखालच्या बॉटल ट्रॅपची वाटी हाताने उघडावी, धुवावी आणि रबरी रिंग जागेवर बसवून पुन्हा लावावी. अ‍ॅसिड ओतू नये. त्याने धातूचे भाग झडतात, आणि आधी ब्लीचिंग टाकलेले असेल तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

– प्लंबिंगचे काम करणारा एक वाचक, पुणे