बॅलर्डच्या आजींना, चांदीच्या ब्रूचबद्दल

तीर्थस्वरूप आजींस,
सादर नमस्कार.

सिअ‍ॅटलच्या बॅलर्ड वस्तीत तुमच्या शेजारी राहायला येऊन आम्हाला नऊ वर्षे झाली, तरी हे पत्र मी मराठीतच लिहीत आहे, कारण मला गहिवर येतो तो याच भाषेत. लेक तुम्हाला ते इंग्रजीत वाचून दाखवील.

यंदा तिला सतरा मेच्या मिरवणुकीत चालायचे होते. १८१४ साली याच दिवशी आइड्सवोल येथे नॉर्वेची राज्यघटना स्वीकारली गेली, हे तिला शाळेने नव्हे, तिच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सांगितले होते. आजोबा बॅलर्डमध्येच वाढले. त्यांचे वडील हॅलिबटच्या बोटीवरून अलास्कापर्यंत जात, आणि मुलांना कळू नये असे काही बोलायचे असले की थोरली मंडळी नॉर्वेजियनवर येत. त्यामुळे ती भाषा माझ्या नवऱ्यापर्यंत आलीच नाही. आले ते ‘उफ दा’ हा उद्गार आणि मुरवलेला हेरिंग मासा.

पथकाची नावे लिहून घेणाऱ्या बाईंनी मात्र लेकीच्या सावळ्या चेहऱ्याकडे आणि माझ्या टिकलीकडे पाहून, पाहुण्यांना बघण्यासाठी पदपथावर छान जागा आहे, असे हसतमुखाने सुचवले. हसून बोललेल्यावर भांडताही येत नाही. मुलीने घरी येऊन हातातला झेंडा छत्र्यांच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी तुम्ही तिला विचारलेत, ‘तू कुठली गं?’ मी धास्तावले, कारण हा प्रश्न आम्हाला इथे कशासाठी विचारला जातो ते ठाऊक आहे. पण तुम्हाला हवे होते ते गाव: कोणता फ्योर्ड, म्हणजे कोणती खाडी, कोणते खोरे. ‘सोग्नेफ्योर्ड,’ ती म्हणाली. ‘आमचे हार्डांगर. म्हणजे डोंगरापलीकडची तू,’ असे म्हणून तुम्ही आत गेलात आणि तुमच्या आईचा सोल्ये, तो चांदीचा ब्रूच, घेऊन आलात. संधिवाताने वाकलेल्या बोटांना पिन दोनदा दाद देईना. मी पुढे केलेला हात तुम्ही बाजूला सारलात. तिसऱ्यांदा पिन बसली आणि लोंबत्या चकत्या किणकिणल्या. चांदी असली की डोंगरातली अदृश्य माणसे मुलांच्या वाटेला जात नाहीत, असे तुम्ही सांगितलेत, तेव्हा मला आईने लावलेली काजळाची तीट आठवली.

मिरवणुकीत ती तुमचा हात धरून मार्केट स्ट्रीटवरून चालली. कोणी काही विचारले नाही. वारशावर बोलणारे या वस्तीत पुष्कळ आहेत, आणि मीही त्यांतलीच असेन, पण आईची आठवण शेजारच्या पोरीच्या गळ्याशी लावायला निराळेच मन लागते.

ब्रूच परत आणला तर तुम्ही घेतला नाहीत. नाताळाआधी लेफ्से, त्या बटाट्याच्या पोळ्या, लाटायला येशील तेव्हा आण, म्हणालात. तोवर तो माझ्या नथीच्या डबीत आहे. आम्ही दोघी येऊ. लाटणे मात्र मी माझेच आणीन. तुमच्या त्या खाचांच्या लाटण्यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही.

आपली,
कुंपणापलीकडची