हक्क सोडायला दोनशे रुपये, हक्क मिळायला काय? महसूल खात्याच्या मंत्र्यांना बडोद्याहून खुले पत्र

गुजरात राज्याच्या महसूल खात्याचा कारभार पाहणारे माननीय मंत्री,
सविनय नमस्कार.

२०२५-२६च्या अर्थसंकल्पात आपल्या सरकारने एक सवलत दिली. मुलगी वारली असेल आणि तिच्या वारसांनी आजोळच्या वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क सोडला, तर ४.९० टक्के मुद्रांक शुल्काऐवजी फक्त २०० रुपये. हा दिलासा कोणाला मिळाला, याचे उत्तर आम्हाला हवे आहे. हक्क सोडणे इतके स्वस्त केलेत; तो मिळवणे सोपे व्हावे म्हणून आपल्या खात्याने त्याच अर्थसंकल्पात काय केले?

वडील गेले की काय होते, ते खात्याला ठाऊक असायला हवे. मृत्यूचा दाखला निघतो. मग तलाट्यापुढे पंचांच्या सह्यांनी पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, होतो. मुलीचे नाव पहिल्यांदा गळते ते इथेच. पंच भावकीतले नाहीतर शेजारचे, भाऊ सांगेल तशी वंशावळ लिहिली जाते आणि ‘ती तिच्या घरी सुखात आहे’ म्हणून बहीण राहून जाते. त्यानंतर नमुना ६ या गावच्या फेरफार नोंदवहीत वारसाईची नोंद पडते, जमीन महसूल कायद्याच्या कलम १३५-ड ची नोटीस निघते, हरकतीला ३० दिवस मिळतात. नोटिशीवरचा पत्ता मात्र माहेरचा! ती भावाच्याच हातात पडते, महिना उलटतो, नोंद प्रमाणित होते. नाव लागलेच, तर पाठोपाठ ते काढणारी ‘हक कमी’ची नोंद तयार असते.

सह्या कधी घेतात, तेही लक्षात घ्या. तेराव्यापर्यंत सगळ्या बहिणी माहेरी असतात. रडून डोळे सुजलेले, घरात पाहुणे, आणि समोर कागदांचा गठ्ठा येतो. त्यात हक्कसोड असते, कधी कुलमुखत्यारपत्रही असते. वाचायला कोणी देत नाही. ‘तुझ्या लग्नात केलंच ना सगळं?’ हे वाक्य ठरलेले. सही नाकारली तर राखी आणि भाऊबीज बंद, बाळंतपणाला माहेर नाही, नवऱ्याने मारले तर परतायला दार नाही. बहीण जमीन सोडून माहेर विकत घेते. समाजाने तिच्यापुढे ठेवलेला हा सौदा आहे, आणि आपले कार्यालय त्याखाली ‘राजीखुशीने’ असे लिहून घेते.

कायदा तर स्पष्ट आहे. घर वडिलोपार्जित, मागे आई, दोन मुलगे, दोन मुली असे धरा. १९५६च्या मूळ हिंदू वारसा कायद्याने मुलीला विसावा हिस्सा मिळे, कारण आधी काल्पनिक वाटणीत (वडिलांच्या मरणापूर्वीच वाटणी झाली असे धरून) वडील, आई आणि दोन मुलगे असे चार भाग पडत आणि वडिलांच्या एका भागाचे पुन्हा पाच. ९ सप्टेंबर २००५च्या दुरुस्तीनंतर मुलगीही मुलासारखीच जन्मापासून सहदायाद, म्हणजे मिळकतीची भागीदार, झाली. तिचा हिस्सा पाचवा, म्हणजे चौपट. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सांगितले. वडील जिवंत असताना, त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीबद्दल मुलीकडून लग्नात लिहून घेतलेले ‘माझा हक्क नाही’ कायद्यात टिकत नाही. नुसत्या आशेवरचा हक्क सोडता येत नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावराचा हक्क तोंडी सुटत नाही, नोंदणीकृत दस्त लागतो. हे तलाटी कार्यालयाच्या भिंतीवर लिहायला किती खर्च येतो?

बाईच्या नावावर खरेदी केली की १ टक्का नोंदणी फी माफ, हे आपण अभिमानाने सांगता. त्या फीपायी बायकोचे नाव दस्तावर चढते. भाडे, कर्ज, विक्री नवऱ्याच्या हातात राहते. कायदाही तिला पुरते आपले मानत नाही. अपत्य नसलेली विधवा मृत्युपत्राविना गेली, तर तिने स्वतः कमावलेले आधी सासरच्या वारसांकडे जाते, तिची आई जिवंत असली तरी. २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी बायकांच्या नावावर सुमारे १४ टक्के होती. शेतात राबणाऱ्या किती, ते कोणत्याही बांधावर उभे राहून मोजा.

याच बडोदे संस्थानाने १९३१ साली हिंदू बायकांना घटस्फोटाचा कायदा दिला. महाराणी चिमणाबाई १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. त्या गादीच्या शहरात आज बहिणीचे नाव पेढीनाम्यात यावे म्हणून विनवण्या कराव्या लागतात, याचा आम्हाला संताप आहे.

पेढीनाम्यात मुलींसाठी वेगळा, सक्तीचा रकाना ठेवा. मुलगी नसेल तर ‘नाही’ असे लिहून पंचांनी सही करावी. १३५-ड ची नोटीस तिच्या सासरच्या पत्त्यावर आणि तिच्या स्वतःच्या मोबाइलवर जावी. वारसाई प्रमाणित झाल्यापासून ६ महिने हक्कसोड नोंदवू नका, आणि नंतरही तिला भावांशिवाय एकटीला समोर बसवून, हिश्शाची बाजारभावाने किंमत वाचून दाखवूनच सही घ्या.

आणि दरवर्षी तालुकावार दोन आकडे जाहीर करा: किती वारसाई नोंदींत मुलींची नावे लागली, आणि त्यातली किती वर्षभरात कमी झाली. ई-धरा या आपल्या जमीन-नोंदींच्या संगणकात नोंद न् नोंद आहे. पहिला तालुका बडोद्याचा घ्या.

बडोद्यातील मराठी नागरिक