आई-बाबा, ती नोकरी मी घेतली नाही

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर आई गप्प होते आणि आई गप्प झाली की मला पुढचं बोलवत नाही, म्हणून लिहितेय. बाबा, तुम्हीच मोठ्याने वाचा, आईच्या चष्म्याची काडी अजून दोऱ्यानेच बांधलेली असणार.

त्या कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरच्या नोकरीला मी नकार कळवला. सोमवारीच कळवून टाकलं. आई, थांब, पूर्ण ऐक. पगार दीडपट होता, रविवारची सुट्टी होती, सगळं मान्य. मी जाऊन बघून पण आले, पंपरूम बघितली, स्प्रिंकलर बघितले, माणसं चांगली वाटली. आणि ते काम हलकं आहे असं मी अजिबात म्हणत नाही, उलट प्रत्येक बिल्डिंगमध्ये असं नीट बघणारं कोणी असलं तर आमच्या फायर ब्रिगेडकडे आगीच्या कितीतरी वर्द्या येणारच नाहीत. पण परत येताना ट्रेनमध्ये सारखं आपलं भायखळ्याचं फायर ब्रिगेडचं क्वार्टर डोळ्यांसमोर यायला लागलं.

बेल वाजली की सगळ्या बायका हातातलं टाकून गॅलरीत यायच्या, आठवतं? गाडी गेटबाहेर गेली की तू परत पोळ्या लाटायला बसायचीस पण कान बाहेर. आणि गाडी आत आली की तू आधी सगळी डोकी मोजायचीस आणि मग बाबांकडे बघायचीस. मी हे लहानपणीच पाहिलंय, तुला कधी बोलले नाही एवढंच. खालच्या काकूंनी मला कितीदा जेवू घातलंय आणि काका कॉलवर असले की त्यांची पोरं आपल्याकडे झोपायची. तुझ्या ऑपरेशनला रक्त लागलं तेव्हा रात्रभर आगीवर असलेले सातजण सकाळी तसेच ओल्या कपड्यात हॉस्पिटलला आले, नर्स म्हणाली आधी चहा प्या मग बघू. मला तर मोठी होईपर्यंत वाटायचं की सगळ्यांनाच एवढे काका असतात.

आणि बाबा, दर १४ एप्रिलला मला खांद्यावर बसवून स्मारकापुढे कोण न्यायचं? मला तेव्हा ५० पर्यंतच आकडे यायचे, पुढचे १६ तुम्ही म्हणायला लावलेत. १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन, पोटात कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात, धुरामुळे आग नक्की कुठे आहे तेच सापडेना, ९०० टनांहून जास्त पाणी मारलं, जहाजातलं पाणी उकळायला लागलं तरी पाईप धरून होते, आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. फायर ब्रिगेडचे ६६ जण गेले. हे सांगताना तुम्ही ‘ते लोक’ कधीच म्हणाला नाहीत, ‘आपले’ म्हणायचात. मग आता मी कुठली बाहेरची?

काळबादेवी मी विसरलेय असं समजू नकोस आई. २०१५ च्या मे महिन्यात आगीत गोकुळ निवास बिल्डिंग कोसळली, राणे साहेब, देसाई साहेब तिथेच गेले, नंतर हॉस्पिटलमध्ये अमीन साहेब आणि नेसरीकर साहेब, नेसरीकर साहेब तर साक्षात चीफ असून पोरांबरोबर उभे होते. त्या रात्री बाबा बूट न काढता दारातच बसून राहिले आणि तू पाणी देता देता मला म्हणालीस, तू नको हं ह्यात. तरी मी आले. तुझं ऐकलं नाही ते मला अजून लागतं, खरंच.

पण आता तसं नाही गं. बाबांच्या वेळी ओला रुमाल नाकाला बांधून आत जायचे, आम्हाला बीए सेट असतो, पाठीवरच्या सिलेंडरमधून श्वास घ्यायचा, हवा कमी झाली की त्याची शिट्टी वाजते आणि वाजली की बाहेर यायचं म्हणजे यायचंच. मागच्या महिन्यात एका टॉवरमध्ये इलेक्ट्रिक डक्ट पेटली, आग थोडीच होती पण धूर सगळा डक्टमधून वर चढलेला, जिन्यात स्वतःचा हात दिसत नव्हता. मी पुढे, मागे लीडिंग फायरमनचा हात माझ्या खांद्यावर, एक हात पाईपवर. बाबा, तुम्हीच शिकवलंत ना, पाईप सोडायचा नाही, तोच बाहेर आणतो. धूर जरा निवळल्यावर अकराव्या मजल्यावरून एका आजींना पाठीवर घेऊन उतरले तर त्या खोकत खोकत विचारतात, कोणाची गं तू, गाव कुठलं? मी म्हटलं देवरुख. म्हणाल्या, माझं माहेर संगमेश्वर. पुढचे चार मजले त्या रडत होत्या आणि मी पण.

मला त्या ऑफिसात खांद्यावर तो हात नसता, बस्स, एवढंच कारण आहे, बाकी सगळं मी उगाच लांबवतेय.

माझं खाणंपिणं नीट आहे. स्टेशनवर वर्गणी काढून जेवण करतो, हल्ली भात मी टाकते, आणि ताटावरून उठावं लागलं तर उरलेले झाकून ठेवतात. घरी तुमचे जावई डबा करतात. हप्ते वेळेवर जातायत, काळजी नको.

आता माझं ऐका. बाबा, यंदा भाजावळीला शेतात पाय ठेवायचा नाही, गडी लावा, पैसे मी पाठवलेत. ज्या छातीत इतकी वर्षं धूर गेला तिला अजून शेतात जाळलेल्या पातेऱ्याचा धूर कशाला? श्वासाचा पंप रोज दोन वेळा, खोकला असो नसो, आणि ओढल्यावर चूळ भरायची. थुंकीत रक्त दिसलं तर लपवायचं नाही, मागच्या वेळी लपवलंत, आईने सांगितलंय मला. आई, गॅसची रबरी नळी पाच वर्षांवर झाली, तिच्यावर तारीख असते ती वाच, रात्री रेग्युलेटर बंद, समई पडद्यापासून लांब. गुडघ्याच्या गोळ्या उपाशीपोटी घेऊ नकोस. रागावून बोलत नाहीये, इथून दुसरं काही करता येत नाही म्हणून.

मे मध्ये दोन दिवस येते, नळी मीच बदलेन. आमसुलं करून ठेव, स्टेशनवरचे दर वर्षी मागतात.

१४ एप्रिलला भायखळ्याहून व्हिडिओ कॉल करीन, घरात रेंज नसते तेव्हा अंगणात आंब्याखाली बसा. आई, रागावली असलीस तरी बाबांच्या शेजारी येऊन बस.

तुमची,
बायो