ग्रेट निकोबारच्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

नव्या भूकंपमापन केंद्रासाठी ग्रेट निकोबार बेटावर जागा पाहून आमचे पथक परतले असून त्याचा अहवालही आता सादर झाला आहे. अशा अहवालात आभारासाठी फार तर एखादी ओळ मिळते आणि तुमचे ऋण तेवढ्यात मावणारे नाही. शिवाय ही कामे कोणाच्या भरवशावर पार पडतात हे इतरांनाही कळावे असे मला मनापासून वाटते. म्हणून तुमच्या इच्छेप्रमाणे नाव न घालता, पण जाहीरपणे हे पत्र लिहीत आहे.

२६ डिसेंबर २००४ ची सकाळ तुम्ही स्वतः सोसलेली आहे, त्यामुळे पुढच्या चार ओळी वाचकांसाठी आहेत असे समजावे. त्या दिवशी ६ वाजून २८ मिनिटांनी उत्तर सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्रतळाखाली सुरू झालेली फूट निकोबार आणि अंदमानच्या खालून उत्तरेकडे सुमारे १,३०० किलोमीटर पसरत गेली. ९.१ तीव्रतेच्या त्या भूकंपात ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकावरच्या इंदिरा पॉइंटची जमीन सुमारे ४ मीटर खचली आणि तेथल्या दीपगृहाचा पाया समुद्रात गेला. भूकंपाची प्राथमिक लहर खडकातून सेकंदाला सहा ते आठ किलोमीटर धावते, तर खोल समुद्रातली त्सुनामी सेकंदाला साधारण २०० मीटर. म्हणजे लाटेच्या आधी सावध होण्यासाठी जो काही अवधी हाती लागतो, तो या दोन वेगांतल्या फरकातूनच. हैदराबादच्या इन्कॉईस या सागरी माहिती संस्थेत २००७ पासून चालणारे त्सुनामी इशारा केंद्र याच तत्त्वावर उभे आहे. मात्र भूकंप नेमका कोठे आणि किती खोलीवर झाला हे लवकर आणि खात्रीने सांगायचे, तर मोजणी करणारी केंद्रे त्याच्या जवळ आणि शक्यतो चहूबाजूंना असावी लागतात. निकोबारच्या दोन्ही बाजूंना समुद्र पसरलेला असल्यामुळे अशा केंद्राला बेटाखेरीज दुसरी जागा नाही.

पण बेट म्हटले की गोंगाट आला. माणसाला न जाणवणारे कंप टिपणाऱ्या भूकंपमापकाला किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटा, वाऱ्याने हलणाऱ्या झाडांची मुळे, वीजघरातले जनरेटर, हेलिकॉप्टर, रस्त्यावरचा ट्रक असे सगळे ऐकू येते. लाटांचे सूक्ष्मकंप टाळणे कोणाच्याच हाती नाही; बाकीचे टाळायचे, तर पक्का कातळ, वस्तीपासून अंतर, सौरपट्ट्यांसाठी ऊन आणि उपग्रहामार्फत नोंदी पाठवणाऱ्या डिशसाठी माथ्यावर मोकळे आकाश, एवढे सारे एकाच ठिकाणी जुळावे लागते. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ उपग्रह जवळजवळ डोक्यावरच असतो, आणि ग्रेट निकोबारच्या अरण्यात डोक्यावर पाने सोडून फारसे काही दिसत नाही.

सरकारने १९६९ पासून माजी सैनिकांना जमिनी देऊन ग्रेट निकोबारवरच्या कॅम्पबेल बे परिसरात वसवले, त्यांत पंजाबी, तमिळ, मल्याळी, तेलुगू कुटुंबांबरोबर मराठी घरेही होती, हे मी वाचले होते. त्यांतल्याच एका घरात पोर्ट ब्लेअरपासून पाचशे किलोमीटरांहून दूर आम्हाला गरम भाकरी मिळेल, हे मात्र ध्यानीमनी नव्हते. काकूंनाही माझा नमस्कार सांगावा.

तुम्ही पहिल्याच दिवशी आमच्या नकाशावरच्या निम्म्या जागा बाद केल्यात, आणि प्रत्येकीमागे कारण होते. जहाजाच्या धक्क्याजवळची टेकडी वीजघराच्या घरघरीत येते. माडबनाखाली कितीही खणले तरी वाळूच लागते. एका उंचवट्यावर दिसणारा खडक प्रत्यक्षात घसरून आलेली दरड आहे. आदिवासी राखीव क्षेत्राची हद्द कोठे लागते हे तुम्ही आपणहून दाखवलेत आणि शोंपेन व निकोबारी लोकांच्या जमिनीला पाय न लावता काम करायचे, हे आम्ही विचारण्यापूर्वीच ठरवून टाकलेत. त्या क्षणी माझ्या मनात तुमच्याविषयी जो आदर निर्माण झाला, तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

सर्वांत मोठे ऋण आहे ते ओढ्याकाठच्या जागेचे. कागदोपत्री त्या जागेत खोट नव्हती: वालुकाश्माचा सलग कातळ उघडा पडलेला, वस्ती दूर, वर आकाश मोकळे, आणि रात्रभर ठेवलेल्या यंत्राची नोंदही इतकी स्वच्छ की तिला यादीत पहिला क्रमांक देण्यावर सर्वांचे एकमत होते. तुम्ही कोरड्या पात्रात उतरलात, डोक्याएवढा एक गोटा उचलून त्याच्या गुळगुळीत झालेल्या कडा आमच्यासमोर धरल्यात आणि म्हणालात, “हे धोंडे पावसाळ्यात इथून चालत जातात. मे सरता सरता या, रात्री अंथरुणात पाठीला कळतं.” नदीनाल्यांतून गडगडत जाणाऱ्या धोंड्यांचे कंप भूकंपमापक टिपतो, हे आमच्या शास्त्रालाही ठाऊक आहे; पण हा ओढा तसा वाहतो हे कोरड्या दिवसांतल्या नोंदीतून कोणालाही कळले नसते. तेथे केंद्र उभे राहिले असते, तर पावसाचे कित्येक महिने बारीक भूकंप त्या गडगडाटात बुडून गेले असते.

मग तुम्ही आम्हाला डोंगरसोंडेच्या पलीकडे, जुन्या रोपवाटिकेच्या मोकळ्या पट्टीवर नेलेत. तेथे मातीखाली कातळ आहे की नुसता मुरूम, हे पाहायला तुम्ही कोयत्याच्या पाठीने खड्ड्याच्या तळावर ठोकत गेलात. जेथे आवाज बद्द आला तेथे आणखी खणायला लावलेत आणि खणखणीत आला तेथे थांबवलेत. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात जिरते हेही पाहिलेत, कारण इतक्या पावसाच्या मुलखात यंत्राच्या खड्ड्यात पाणी साचले तर बाकीची सारी तयारी फुकट जाते. या पट्टीवर झाड तोडावे लागणार नाही, याचे तुमच्याइतकेच समाधान मलाही आहे. यंत्राच्या तारा जोडणाऱ्या जोडपेटीत मुंग्या शिरू नयेत म्हणून तिच्या पायांना ग्रीस लावण्याची तुमची सूचनाही आम्ही आराखड्यात जशीच्या तशी घेतली आहे.

अहवालात रोपवाटिकेच्या जागेची शिफारस केली असून ओढ्याची जागा का वगळली, याचे कारण ‘स्थानिक रहिवाशाचे दीर्घ निरीक्षण’ असे स्पष्ट लिहिले आहे. मंजुरी मिळेपर्यंत तात्पुरते यंत्र रोपवाटिकेच्या जागेवरच चालू राहील. तेव्हा एक विनंती आहे: पाऊस सुरू झाल्यावर ज्या रात्री ओढ्याचा गडगडाट जाणवेल, त्या रात्रीची तारीख आणि अंदाजे वेळ वहीत टिपून ठेवावी. सोंडेच्या या बाजूला तो कितपत पोचतो, हे तुमच्या वहीशी आमची नोंद ताडून पाहिल्यावरच निश्चित कळेल. वही मी पुढच्या जहाजाने पाठवत आहे.

आपला कृतज्ञ,
पथकातील एक भूकंपशास्त्रज्ञ