हुशार मुलांकडेही लक्ष हवे

संपादक महोदय,

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका सरकारी मराठी शाळेत तिसरीत शिकणारी माझी नात गणिते सर्वांआधी सोडवते आणि मग तास संपेपर्यंत वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच पाढे रचत बसते. परवा तेथे मला ४७ चा पाढा दिसला. बाईंना दोष देता येणार नाही, कारण एकटीने चार इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षिकेचा वेळ मागे पडणाऱ्या मुलांकडे जातो आणि तो जायलाच हवा. परंतु हुशार मूल आपोआप पुढे जाते, हा समज खरा नाही. कंटाळलेले मूल एक तर खोड्या काढू लागते, नाहीतर गप्प होते, आणि गप्प झालेले मूल कोणाच्या ध्यानातही येत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अशा मुलांना प्रोत्साहन देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. हुशार मुलांसाठी केंद्र सरकार चालवत असलेल्या वाळपई व काणकोण येथील नवोदय विद्यालयांत मात्र प्रवेश सहावीपासून मिळतो; तोवरच्या वर्षांचे काय? शिक्षण खात्याने जवळपासच्या चार-पाच शाळांसाठी निदान एक फिरता शिक्षक नेमावा आणि त्याने आठवड्यातून एकदा कोडी, पुस्तके व प्रयोगाचे साहित्य घेऊन या मुलांबरोबर बसावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक आजोबा, वाळपई